काळी पानं आणि वाचणारे डोळे: एका रॉक-मेटल नियतकालिकाच्या मांडणीचं प्रकरण

प्रेसमधून पहिली डमी, म्हणजे अंकाची नमुना प्रत, आली तेव्हा तिची पानं एकमेकांना चिकटली होती. नखाने हळूच सोडवली, तर प्रत्येक पानावर समोरच्या पानाची सावली उमटलेली. डाव्या पानावरचा ड्रमर उजवीकडच्या मुलाखतीत उलटा उतरला होता. मुलाखत काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत, आठ पॉइंटमध्ये होती. अक्षरांच्या बारीक रेषा शाईने बुजल्या होत्या, जाड तेवढ्या उरल्या होत्या. चौसष्ट पानं, आणि सलग वाचता येईल असं एकही नाही. मांडणी माझी होती, आणि फाइल पाठवताना ती मला मनापासून आवडली होती.

त्या डमीपासून पहिला अंक हातात येईपर्यंत काय बदललं, का बदललं आणि कशाला हात लावला नाही, ते इथे सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात

आम्ही पाच जण होतो: संपादक, दोन लेखक, एक छायाचित्रकार आणि मी. दर दोन महिन्यांनी एक अंक, ए-फोर आकार, चौसष्ट पानं म्हणजे सोळा पानांचे चार फॉर्म (एकत्र छापून दुमडलेले गठ्ठे). अंकाची भाषा इंग्रजी. संपादकांनी मांडणीबद्दल एकच गोष्ट सांगितली होती: अंक उघडला की आवाज आला पाहिजे.

रॉक-मेटलच्या नियतकालिकांत ही अपेक्षा जुनीच आहे. ‘केरँग!’ जून १९८१ मध्ये ‘साउंड्स’ या ब्रिटिश संगीत-साप्ताहिकाची पुरवणी म्हणून निघालं, तेव्हा त्याने आपलं नावच गिटारच्या तारांवर जोरात हात मारल्यावर उठणाऱ्या आवाजावरून घेतलं. पहिल्या मुखपृष्ठावर एसी/डीसी या बँडचा गिटारवादक अँगस यंग होता. ते नाव नुसतं वाचलं तरी कानात काहीतरी झणझणतं. मला तो झणझणाट चौसष्टही पानांवर हवा होता.

म्हणून सगळी पानं काळी केली. मथळे ब्लॅकलेटरमध्ये, म्हणजे मध्ययुगीन युरोपी हस्तलिखितांच्या जाड, टोकदार वळणात, आणि पूर्ण कॅपिटल अक्षरांत. मागे गंज, ओरखडे, तडे गेलेलं काँक्रीट यांचे पोत. मेटलच्या प्रत्येक उपप्रकाराला एक रंग ठरवला: थ्रॅशला हिरवा, डेथला लाल, डूमला जांभळा, ब्लॅक मेटलला राखाडी. बँडचं नाव जिथे येईल तिथे त्यांचा लोगो, साध्या अक्षरांत नाव नाहीच. आणि कागद अनकोटेड, म्हणजे वर लेप नसलेला, मॅपलिथो जातीचा, कारण चाहत्यांनी झेरॉक्सवर काढलेल्या जुन्या फॅनझिनचा खरखरीतपणा मला बोटांना जाणवायला हवा होता. यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर चुकीची नव्हती. एकत्र आल्यावर त्यांनी एकमेकींचा गळा धरला.

शाईचं गणित

प्रेसमध्ये मशीनवर असणाऱ्या काकांनी डमी उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, “ताई, काळा किती टाकलाय?” मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी फाइल उघडून आकडे दाखवले: सायन ७५, मॅजेंटा ६८, यलो ६७, ब्लॅक ९०. फोटोशॉपचं अमेरिकन छपाईचं नेहमीचं सेटिंग तसंच ठेवून स्क्रीनवरचा काळा सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या या चार शाईंत, नेला की हेच आकडे मिळतात. बेरीज ३००. म्हणजे जिथे जिथे काळं आहे तिथे कागदावर तीन पूर्ण थरांइतकी शाई.

चांगल्या आर्ट पेपरला, म्हणजे लेप दिलेल्या गुळगुळीत कागदाला, तीनशेच्या आसपासची बेरीज झेपते. अनकोटेड कागदावर ती बरीच खाली आणावी लागते. तिथे शाई वर बसत नाही, धाग्यांत मुरते, पसरते आणि वाळायला वेळ घेते. छापलेले ताव एकावर एक पडत जातात, खालचा ताव ओला असतानाच वरचा येतो, आणि एकाची शाई दुसऱ्याच्या पाठीला लागते. छपाईवाले याला सेट-ऑफ म्हणतात. तावाची घडी घालतानाही शाई ओलीच असली की ती समोरच्या पानालाही लागते, माझा ड्रमर तिकडे गेला तो असा.

पांढऱ्या अक्षरांचं दुखणं निराळं. चार शाईंच्या काळ्यात पांढरं अक्षर ठेवायचं म्हणजे दर शाईला एक अशा चारही छपाईच्या प्लेटांवर त्या अक्षराच्या आकाराची रिकामी जागा सोडायची आणि छापताना त्या चारही जागा तंतोतंत एकमेकींवर आणायच्या. एखादी प्लेट केसभर हलली की तिची शाई अक्षरात शिरते. ठसठशीत मथळा ते सहन करतो. आठ पॉइंटचं सेरिफ अक्षर, ज्याच्या आडव्या रेषा मुळातच नाजूक असतात, ते तिथेच संपतं. देवनागरीत काम करणाऱ्यांनी तर इथे दुप्पट जपायला हवं. अनुस्वाराचा टिंब, उकार, जोडाक्षरांतल्या चिमुकल्या पोकळ्या सगळ्यात आधी जातात.

काकांचा सल्ला सरळ होता: आर्ट पेपर घ्या, काळ्याची बेरीज २४० वर आणा, मजकुराचं अक्षर जाड करा. मी ते ऐकलंही असतं आणि काळी मांडणी तशीच राहिली असती. पण त्याच आठवड्यात ती डमी आम्ही काही वाचकांसमोर ठेवली, आणि प्रश्न शाईपुरता उरला नाही.

शेजारी बसून पाहिलं ते

चिकटलेली प्रत दाखवण्यात अर्थ नव्हता. तीच मांडणी लेझर प्रिंटरवर काढली, कडेने शिवली आणि नियमित मेटल ऐकणाऱ्या काही ओळखीच्या लोकांना एकेकट्याने वाचायला दिली. आम्ही शेजारी बसायचं, बोलायचं नाही, काही विचारायचं नाही, असा नियम केला. हा संपूर्ण कामातला सगळ्यात मोलाचा वेळ होता. मांडणी करणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी असं गप्प बसून पाहावं असं मला वाटतं.

पहिल्या पानापासून कोणीच सुरुवात केली नाही. बहुतेकांनी अंक मागून उघडला, अल्बमच्या परीक्षणांपाशी. बोट कॉलमवरून खाली सरकत नावं शोधायला लागलं. पण तिथे नावं नव्हतीच, लोगो होते. ओळखीचा लोगो दिसला की बोट थबकायचं, चेहरा उजळायचा. अनोळखी लोगोवर मात्र बोट क्षणभर अडखळायचं आणि पुढे जायचं. परीक्षणं मुख्यतः लिहिली जातात ती अजून ज्यांची ओळख नाही अशा बँडसाठी. माझ्या मांडणीत नेमके तेच बँड पानावर असूनही कोणाला दिसत नव्हते.

साठीच्या जवळ आलेले एक वाचक अंक घेऊन खिडकीपाशी गेले. पान तिरकं धरलं, चष्मा काढला, परत घातला. त्यांना बघताना मी मनात हिशेब केला. १९८१ साली सोळाव्या वर्षी ज्याने ‘केरँग!’चा पहिला अंक घेतला, तो आज साठीत आहे. तो अजून हे संगीत ऐकतो, कार्यक्रमांना जातो, आणि आठ पॉइंटचं पांढरं अक्षर त्याला वाचता येत नाही. हे संगीत एका पिढीचं राहिलेलं नाही, आणि मी मात्र पंचविशीतले डोळे गृहीत धरून अक्षराचा आकार ठरवला होता.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त हलवून गेली. गिटारच्या ट्यूनिंगवर एका लेखकाने चार ओळींची चौकट लिहिली होती. मी ती पान भरायला म्हणून कोपऱ्यात टाकली होती. ब्लॅक सॅबथ या बँडचा गिटारवादक टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना, १९६५ साली, पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा वाजवतो, म्हणजे तारा दाबणारा हात तोच. त्याने बोटांना प्लॅस्टिक वितळवून टोपणं केली, हलक्या तारा वापरल्या, आणि पुढे ब्लॅक सॅबथच्या १९७१ च्या तिसऱ्या अल्बमवर काही गाण्यांसाठी गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली. तारा सैल झाल्या, बोटांवरचा ताण कमी झाला, आणि मेटलचा तो जड, खोल आवाज अधिकच खोल झाला. एवढंच त्या चौकटीत होतं. ज्यांना डमी दिली त्यांतल्या तिघांनी मोबाइल काढून त्या चौकटीचा फोटो घेतला. त्याच लेखात मी दोन पानं व्यापणारं एक मोठं अवतरण मोडक्या अक्षरांत सजवलं होतं. त्याच्यावर कोणाची नजर ठरली नाही.

त्यानंतर मी माझ्याच घरातल्या सीडी काढून बसले. मी स्वतः लहानपणापासून काय करत आले? कव्हर एकदा बघायचे आणि आतली बारीक अक्षरं पंचवीसदा वाचायचे. बेस कोणी वाजवला, ध्वनिमुद्रण कुठे झालं, आभार कोणाचे मानलेत, मागच्या अल्बमवरचा ड्रमर आता कुठे गेला. मेटल ऐकणारा माणूस नोंदी ठेवणारा माणूस असतो. २००४ पासून निघणारं ‘डेसिबेल’ हे अमेरिकन मासिक जुन्या अल्बमांवर एक सन्मान-लेखमाला चालवतं. त्यात त्या अल्बमवर वाजवणाऱ्या सगळ्या हयात कलाकारांशी बोलणं झाल्याशिवाय लेख होत नाही. एक जण नाही म्हणाला तर अल्बम थांबतो. वाचक त्या कडकपणाची कदर करतात. मी पोस्टर केलं होतं, त्यांना नोंदींचं दफ्तर हवं होतं.

तिसरा फॉर्म

आता प्रश्न असा झाला: आवाज कुठे ठेवायचा, आणि वाचायला शांत जागा कुठे द्यायची?

उत्तर छपाईच्या रचनेतूनच आलं. अंक सोळा-सोळा पानांच्या चार फॉर्मचा होता आणि प्रत्येक फॉर्म वेगळ्या कागदावर छापता येतो. पहिला, दुसरा आणि चौथा फॉर्म अनकोटेड, किंचित पिवळसर कागदावर, काळ्या अक्षरांत. तिसरा फॉर्म, म्हणजे पान ३३ ते ४८, आर्ट पेपरवर, संपूर्ण काळा. छायाचित्रं, मैफिलींचे वृत्तांत, चित्रकारांची कामं असं सगळं अंधारातलं त्या सोळा पानांत गेलं. तिथला काळा आम्ही ६०, ४०, ४०, १०० असा बांधला, बेरीज २४०. फोटोओळींसाठी एक युक्ती केली. जिथे बारीक पांढरा मजकूर येणार तिथे फक्त ब्लॅक शाईची पट्टी ठेवली. एकच प्लेट असल्याने रजिस्टर, म्हणजे प्लेटांची जुळणी, हलण्याचा प्रश्न मिटला. नुसता ब्लॅक भोवतीच्या चार शाईंच्या काळ्याशेजारी थोडा राखाडी दिसतो. तो फरक आम्ही लपवला नाही, फोटोओळींची ओळखच तशी ठेवली.

संपादक आधी अजिबात तयार नव्हते. काळी पानं चौथाईवर आणलीस तर अंक मवाळ दिसेल, हा त्यांचा आक्षेप. एक अख्खी संध्याकाळ आम्ही यावर वाद घातला. शेवटी मी ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम लावला. १३ फेब्रुवारी १९७० चा तो अल्बम पावसाच्या आवाजाने सुरू होतो. लांबून घंटा वाजत राहते. बराच वेळ गिटार नाहीच. आणि मग ती येते तेव्हा छातीत काहीतरी दबतं. ती पावसाची सुरुवात काढून टाकली तर तीच गिटार अर्धी उरेल. मी त्यांना म्हटलं, पान ३२ मला जवळजवळ कोरं द्या, म्हणजे ३३ वाजेल. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “बरं, करून बघू.”

त्याच अल्बमने रंगाचाही प्रश्न सोडवला. त्याचं मुखपृष्ठ काळं नाही. इंग्लंडमधल्या मेपलडरम इथली जुनी पाणचक्की, समोर काळ्या झग्यातली बाई, आणि सगळीकडे इन्फ्रारेड फिल्मने आणलेला आजारी गुलाबी-विटकरी रंग. भीती काळ्याने येत नाही, त्या चुकीच्या गुलाबीने येते. पुढेही हे घडत राहिलं आहे. डेफहेवन या बँडच्या २०१३ च्या अल्बमचं मुखपृष्ठ सरळ गुलाबी आहे, आणि बॅरनेस या बँडने तर अल्बमांना रंगांचीच नावं दिली. म्हणून आम्ही काळा-लाल ही जोडी सोडली. प्रत्येक अंकाला एकच जादा रंग, आणि तो त्या अंकातल्या मुख्य लेखाच्या विषयातून निवडायचा. पहिल्या अंकाला विटकरी गुलाबी मिळाला.

लोगो वाचायचा की बघायचा

मेटल बँडचा लोगो ही स्वतंत्र कला आहे आणि ती कमी लेखणाऱ्यांशी माझं जमत नाही. बेल्जियन चित्रकार क्रिस्टोफ श्पाइडेल यांनी ‘एम्परर’सकट हजारो बँडसाठी लोगो काढले आहेत. फांद्या, मुळं, कोळ्याची जाळी, आरशासारखी डावी-उजवी समता. ब्लॅक मेटलमधले काही लोगो बाहेरच्या माणसाला वाळलेल्या झुडपासारखे दिसतात. ते वाचता येऊ नयेत हाच त्यांचा हेतू असतो. ज्याला माहीत आहे त्याने आकारावरून ओळखावं. त्यामुळे लोगो सोपे करून घेणं किंवा आपणच साफ करून काढणं हे मला बँडच्या चेहऱ्याला हात लावण्यासारखं वाटतं. ते आम्ही केलं नाही.

नियम असा केला: लोगो हे चित्र, नाव हे अक्षर. प्रत्येक परीक्षणाच्या डोक्यावर नाव साध्या, ठळक अक्षरांत, आणि लोगो चित्र म्हणून शेजारी, स्वतःची मोकळी जागा घेऊन. लोगोंचे आकार जुळवणं मात्र किचकट निघालं. सगळ्यांची उंची सारखी ठेवली तर आडवे लोगो राक्षसी होतात आणि झुडपी लोगो चिमणीएवढे. रुंदी सारखी ठेवली तर उलट. शेवटी मोजपट्टी बाजूला ठेवली. डोळे किलकिले करून पानाकडे पाहायचं आणि शाईचा डाग साधारण सारखा वाटेपर्यंत लहान-मोठं करायचं. प्रत्येक अंकात हे नव्याने करावं लागतं.

ब्लॅकलेटर मथळ्यांतून काढताना मला वाईट वाटलं, कारण त्याचं आणि या संगीताचं नातं खोटं नाही. एसी/डीसीचा लोगो जेरार्ड ह्युर्टा यांनी १९७७ मध्ये काढला तो गुटेनबर्गच्या बायबलातली, म्हणजे १४५५ च्या सुमाराची, अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून. मोटरहेडने तेच वळण आणि उच्चाराशी काही संबंध नसलेले दोन टिंब घेऊन एक कायमची खूण केली. पण या अक्षरांतली कॅपिटलं सुरुवातीला एकेकटी यायची, बाकीचं शब्दरूप लहान अक्षरांचं. सगळाच मथळा कॅपिटलमध्ये लावला की नक्षीच्या जाळ्या उरतात. आम्ही ब्लॅकलेटर फक्त एका जागी ठेवलं: मुख्य लेखाचं पहिलं अक्षर, ज्या कामासाठी ती कॅपिटलं जन्माला आली तेच काम.

यातच एक जबाबदारी येते. ब्लॅकलेटर म्हणजे नाझी, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात जानेवारी १९४१ मध्ये नाझी राजवटीनेच ती अक्षरं अधिकृत वापरातून काढायचा आदेश दिला. पण मेटलच्या कडेला उजव्या टोकाच्या विचारांचे काही बँड आहेत हेही खरं, आणि त्यांच्या खुणा लोगोत, रून या प्राचीन उत्तर युरोपी लिपीच्या अक्षरांत लपलेल्या असतात. छापायला जाणारा प्रत्येक अनोळखी लोगो मी आणि संपादक दोघंही तपासतो. नक्षी म्हणून अशी खूण आमच्या पानावर जाऊ नये, इथे मी कोणतीही तडजोड करणार नाही.

लाल दिव्यांतले फोटो

आमच्या छायाचित्रकाराला मैफिलीत नेहमीचाच नियम पाळावा लागतो: पहिली तीन गाणी, फ्लॅश नाही. ती तीन गाणी बऱ्याचदा संपूर्ण लाल एलईडी दिव्यांत होतात. अशा फोटोत सगळी माहिती लाल चॅनेलमध्ये साचते, हिरवा आणि निळा जवळजवळ रिकामे. स्क्रीनवर तो लाल पेटलेला दिसतो. छापताना तो मॅजेंटा आणि यलोचा एक सपाट गोळा होतो, नाक, डोळे, घाम सगळं त्यात बुडतं. निळ्या दिव्यांचं याहून वाईट, ते जांभळट होऊन येतात.

डमीत मी असे फोटो पोत चढवून झाकले होते. आता उलट केलं. लाल चॅनेल एकटा उघडायचा. तो फाटलेला, म्हणजे जादा प्रकाशाने कोरा झालेला, नसेल तर त्यात एक सुंदर काळा-पांढरा फोटो बसलेला असतो, चेहऱ्यावरच्या प्रकाशासकट. ते फोटो आम्ही काळ्या-पांढऱ्यातच छापले. दाणा दिसतो, तो दिसू दिला. अनकोटेड फॉर्मवर जाणारे फोटो मधल्या छटांत मुद्दाम उजळ केले, कारण त्या कागदावर छपाईचा ठिपका फुगतो आणि करडं काळं होतं. छायाचित्रकाराने पहिला प्रूफ पाहिला तेव्हा तो म्हणाला, “हा घाम मी काढला होता, पण मला कधी दिसला नव्हता.” पोत मी सगळ्या फायलींतून काढून टाकले.

परीक्षणांची पानं

उपप्रकारांचे रंग पहिल्याच बैठकीत गेले. एका बँडचा पहिला अल्बम डेथ, तिसरा डूम, पाचवा कशातच न बसणारा. रंग ठरवताना दोन्ही लेखक तासभर भांडले आणि दोघांचंही बरोबर होतं.

त्या जागी प्रत्येक परीक्षणाला एक नोंदपट्टी दिली: कलाकार आणि वाद्यं, ध्वनिमुद्रण कुठे आणि कोणी केलं, गाण्यांची संख्या, एकूण लांबी. लांबी हा आकडा सुरुवातीला कोणाला महत्त्वाचा वाटला नव्हता. पण विचार करा, स्लेअरचा १९८६ चा ‘रेन इन ब्लड’ दहा गाण्यांचा आणि सुमारे २९ मिनिटांचा आहे, आणि स्लीपचं ‘डोपस्मोकर’ हे एकच गाणं ६३ मिनिटांचं. दोन्ही मेटल. हे दोन आकडे शेजारी ठेवले की संगीताची चाल, दम, ऐकण्याची तयारी किती लागेल हे सगळं विशेषणांशिवाय कळतं. गुणांकन काढून टाकलं. दहापैकी सात म्हटलं की वाचक परीक्षण वाचत नाही, सातच वाचतो.

मजकुराचं अक्षर साडेनऊ पॉइंट, ओळींतलं अंतर तेरा. याबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही, ते वाचता येतं.

प्रत्येक अंकात एका लेखाला मात्र ग्रिड, म्हणजे पानाची ठरलेली आखणी, मोडायची मुभा ठेवली. डेव्हिड कार्सन १९९२ पासून ‘रे गन’ या अमेरिकन संगीत-मासिकाची मांडणी करत होते. १९९४ मध्ये त्यांनी गायक ब्रायन फेरीची मुलाखत कंटाळवाणी वाटली म्हणून अख्खी झाफ डिंगबॅट्समध्ये, म्हणजे निव्वळ चिन्हांत लावली. ते आजही आठवलं जातं. माझं मत असं की मुलाखत देणाऱ्यावर तो अन्याय होता आणि तरीही ते पान छापलं गेलं हे चांगलं झालं. आम्ही इतकं टोक गाठत नाही. मजकूर वाचता आलाच पाहिजे, त्याची जागा, कल, आकार वाटेल तसे हलवा.

कणा, आणि छापून आल्यावर

बांधणी आधी पिनेची ठरली होती. दोन्ही पानांवर पसरलेला फोटो पिनेच्या बांधणीत छान उघडतो. पण नोंदी ठेवणारा वाचक अंक कपाटात उभा ठेवतो, आणि पिनेच्या अंकाला कणा नसतो. आम्ही गोंदाची बांधणी घेतली, कण्यावर अंक क्रमांक आणि मुख्य बँडचं नाव. त्याची किंमत मोजावी लागली. गटरमध्ये, म्हणजे दोन पानांच्या सांध्यात, फोटोचा मधला भाग गिळला जातो. एका गिटारवादकाचा तारा दाबणारा हात नेमका तिथे आला होता. दोन पानांवरचे बहुतेक फोटो एकपानी केले, जे उरले त्यांत मधोमध अंधारच येईल असं पाहिलं.

पहिल्या अंकात दोन चुका झाल्या. काळ्या फॉर्ममध्ये गाणी ऐकण्यासाठी दिलेला क्यूआर कोड मी पांढऱ्या रेषांत, उलटा छापला. काही फोनना तो वाचता आला, काहींना नाही. दुसऱ्या अंकापासून तो पांढऱ्या चौकटीत काळा आहे. दुसरी चूक जिव्हारी लागली: एका फोटोओळीत बेसवादक आणि दुसरा गिटारवादक यांची नावं अदलाबदल झाली. अंक निघाल्यानंतर दुसऱ्याच दिवशी पहिलं पत्र आलं, आणि त्यात त्या बँडचे आजवरचे सगळे सदस्य वर्षांसकट लिहिलेले होते. आम्ही एकेक वर्ष पडताळलं. सगळी बरोबर होती.

ती यादी दुसऱ्या अंकात शेवटच्या पानावर छापली, दुरुस्ती म्हणून, पूर्ण मापाच्या अक्षरांत. त्याच पानावर आता नावांची सूची असते: अंकात जिथे जिथे ज्या बँडचा उल्लेख आला आहे त्याची पानं, अकारविल्हे, आणि दुसऱ्या अंकापासून मागच्या अंकांचीही. ती सूची तयार करायला मला दर वेळी दोन दिवस लागतात. छापील अंक घेऊन मी परत एकदा त्याच वाचकांच्या शेजारी जाऊन बसले. खिडकीपाशी गेलेल्या त्या गृहस्थांनी या वेळी अंक मागून उघडला, बोट सूचीवरून खाली नेलं, एका नावावर थांबवलं, पान ४१ काढलं आणि खुर्चीतून न उठता वाचायला लागले. वाचून झाल्यावर काळ्या पानाच्या कोपऱ्यावर त्यांच्या अंगठ्याचा ठसा राहिला होता.